कदमांचे सर

आम्ही जुनी इंदूर भागातल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ओट्याशी चहा टाकत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "कदम! लाज वाटते का काही?"

माझ्या हातातला चमचा पडला. पलीकडून कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "वाटते, सर."

"काल काय ठरलं होतं आपलं?"

"उजाडायच्या आत उठायचं, सर."

"मग? आता कचरा गाडी येऊन गेली. त्या गाडीचं गाणं ऐकून अख्खी जुनी इंदूर उठली. तुम्ही झोपलेले! मी काय भिंतीशी बोलतोय का, कदम?"

तो भिंतीशीच बोलत होता. भिंत आमची होती आणि पातळ होती.

हे रोज सुरू झालं. त्या बिचाऱ्या कदमांना मोज्यांवरून बोलणी, दाढी नीट न केल्यावरून बोलणी, वर्तमानपत्राची घडी मोडली म्हणून बोलणी. आणि तो माणूस मुकाट्याने "हो सर, चुकलं सर" करत असायचा. माझं डोकं तडकायला लागलं. मी सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "शेजारी कुणीतरी एका म्हाताऱ्या माणसाला छळतंय." सतीश पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत म्हणाला, "जाने दे ना यार. नवीन नवीन आलोय आपण." याच्या समोर घर जळत असलं तरी हा आधी शेव घालून घेईल.

रविवारी मात्र हद्द झाली. पलीकडून हुकूम आला, "कान पकडा. काढा उठाबशा." आणि मग कुणाचं तरी धापा टाकणं ऐकू यायला लागलं. मी ओले हात पदराला पुसले, तरातरा गेले आणि बेल दाबली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. पोलिसांचा उल्लेखही त्यात होता.

दार एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी उघडलं. सत्तरीच्या आसपासचे. खाकी हाफ पँट, पांढरा बनियन, गळ्यात शिट्टी. घामाघूम.

"कदम कुठे आहेत?" मी विचारलं.

"मीच कदम," ते धापा टाकत म्हणाले.

"घाबरू नका. ते दुसरे कुठे आहेत? ते सर?"

गृहस्थांनी पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली आणि एकदम घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "तेही मीच. या ना, वहिनी. कदम, वहिनींसाठी चहा टाका."

आणि "हो सर" म्हणून स्वतःच आत गेले.

तर हे मनोहरराव कदम. त्यांचे पूर्वज रियासतीच्या फौजेत होते. "आमच्या घराण्यात हुकूम देणारेही होते आणि हुकूम घेणारेही," त्या दिवशी चहा देताना त्यांनी मला सांगितलं. "आता घरात मी एकटाच उरलो. दोन्ही खाती माझ्याकडेच." बायको आम्ही यायच्या आधीच गेलेली. मुलगी मंजिरी पुण्याला. स्वतः सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, आणि ऑफिसातही म्हणे कुठल्याच ट्रेनिंगला गेले नाहीत. ट्रेनिंगचं पत्र आलं की उलट टपाली कळवायचे, विषय घरी शिकून घेतला आहे.

कारण कदमांचं एक तत्त्व होतं, आणि त्या तत्त्वासाठी ते दिवसातून दहा वेळा संतापायचे. तत्त्व असं, की सर घरचा पाहिजे. "बाहेरचा सर तास संपला की चप्पल घालून चालायला लागतो, वहिनी. त्याला काय पडलंय? घरचा सर झोपेतसुद्धा सोडत नाही."

सायकल, स्कूटर, इंग्रजी, टायपिंग, सगळं त्यांनी स्वतःच स्वतःला शिकवलं होतं. बायको गेल्यावर स्वयंपाक शिकवला. पोहे करायचे, मग दोन पावलं मागे सरकून सर व्हायचे, चव घ्यायचे आणि ओरडायचे, "कदम! हे पोहे इंदूरमध्ये केलेत की दुष्काळात?" एकदा पेटी शिकवायला घेतली. सगळी बिल्डिंग कानात बोटं घालून बसली. शेवटी एका सकाळी सरांचा आवाज आला, "कदम, तुम्हाला सूर नाही. होणार नाही तुमच्याच्याने. पेटी बंद." "हो सर." पेटी बंद झाली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्या सरांबद्दल आदर वाटला.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच टिपली होती. सर कधी खूश व्हायचे नाहीत. पोहे चांगले झाले तर ते गप्प खायचे. एवढंच.

आता ज्या माणसाचं तत्त्व असं, त्याने इंदुरात राहावं म्हणजे शिक्षाच. आमच्याकडे भिंत दिसली की तिच्यावर कोचिंगची जाहिरात. माझ्या भाचीसाठी हॉस्टेल बघायला मी भंवरकुआंला, त्या कोचिंगवाल्यांच्या भागात, निघाले, तर कदम म्हणाले, मी पण येतो. वाटेत प्रत्येक होर्डिंगवर ते एक एक टोमणा हाणत होते. "बघा, हसतायत कसे फोटोत! पास पोरं झाली, हसतोय हा सर!" मी म्हटलं, कदम, रस्त्याकडे बघून चाला.

मग एका जिन्याशी ते थबकले. पाटीवर लिहिलं होतं, जीवन जीना सीखिए. पर्सनल लाइफ कोच.

"हद्द झाली, भिया!" कदम ओरडले. मी भिया, म्हणजे भैया, नाही, पण रागात त्यांना सगळेच भिया. "जगायला सर? उद्या जांभई द्यायला ट्यूशन लावतील!" आणि मी अडवेपर्यंत ते वर पोचलेसुद्धा.

काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "जी सर, किसका एडमिशन है?"

"मेरा," कदम म्हणाले. "मुझे जीना सीखना है. सत्तर के आसपास हूँ, थोडा जल्दी सिखाना पडेगा."

"हो जाएगा सर."

"सिखाते कौन हैं?"

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. हाताची घडी घातलेला एक कोवळा तरुण.

"ये? ये तो मेरे दामाद से छोटा है! इसको जीना किसने सिखाया?"

"सर, उनके भी एक कोच हैं."

"और उस कोच के?"

मुलगी प्रामाणिक होती. जरा विचार करून म्हणाली, "उनके भी होंगे सर. पूछना पडेगा." मग घाईने म्हणाली, "आप चाहें तो एक फ्री डेमो क्लास ले लीजिए."

त्या शब्दावर कदम जे पेटले ते घरी येईपर्यंत विझले नाहीत. "डेमो! जगण्याचा डेमो! आवडलं तर पुढे जगा, नाही तर राहू द्या!" रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता. मलाही हसू येत होतं, पण खरं सांगते, चीडही आली. या माणसाला जगात कुणाकडूनच काही घ्यायचं नव्हतं. मी दिवाळीचा फराळ दिला तर डबा परत देताना सांगायचे, "चकली मी शिकून घेतो, वहिनी. तुम्ही त्रास घेऊ नका." आता याला काय म्हणायचं?

मग गेल्या हिवाळ्यात ते उलटं चालायला शिकले.

कुठेतरी वाचलं होतं म्हणे, की उलटं चाललं की मेंदू तल्लख राहतो. गच्चीवर कदम पाठमोरे चालायचे आणि सर तोंडाने हुकूम सोडायचे, "मागे बघायचं नाही, कदम! विश्वास ठेवा!" विश्वास ठेवला आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपात पाय अडकून पडले. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये घालताना मला म्हणाले, "पाइपाची चूक आहे."

ऑपरेशन झालं. मंजिरी रजा काढून आली, राहिली, आणि जायची वेळ आली तेव्हा तिने बापाला दोनच रस्ते दिले. "बाबा, एक तर चालायला शिकवायला रोज कोच येईल आणि तुम्ही तिचं ऐकाल. नाही तर तुमचं सामान बांधून पुण्याला. तिसरं काही नाही." किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "काकू, लक्ष ठेवा. ते मुळीच ऐकणार नाहीत."

कोच म्हणून आल्या संध्या मॅडम. चाळिशीच्या, ठेंगण्या, दणकट, देवासकडच्या. फिजिओथेरपी शिकलेल्या, पण कार्डावर रिकव्हरी कोच असं लिहिलेलं. ते कार्ड कदमांनी कचऱ्यात टाकलं, तेही सुक्याच्या डब्यात, नियमाने.

"चालायला सर?" ते पलंगावरून गरजले. "मी पहिल्या वर्षी चालायला शिकलोय! स्वतः!"

संध्या मॅडमना मराठी कळायचं, बोलायच्या मात्र हिंदीत. वॉकरची उंची बसवता बसवता त्या म्हणाल्या, "तब किसी ने उँगली तो पकडी होगी ना, अंकलजी."

"भिंत पकडी थी!"

"अच्छा है. तो भिंत समझ लो मेरे को. चलो, उठो."

उठले. दातओठ खात उठले. दोन पावलं टाकून थांबले. मॅडम म्हणाल्या, "शाबाश! बस, एक कदम और."

"और कहाँ से लाऊँ?" कदम फाडकन म्हणाले. "घर में एक ही कदम है!"

मॅडमना विनोद कळला आणि त्या खळखळून हसल्या. कदमांनी विनोद केलाच नव्हता. त्यामुळे ते आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली. तिसऱ्या दिवशी झोपल्याचं सोंग केलं. चौथ्या दिवशी माझ्याकडे तक्रार आणली की ही बाई मोबाइलवर गाणी लावते, आणि व्यायामाला गाणं म्हणजे शिस्तीचा खून. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मंजिरीला फोन लावते म्हटलं. तेव्हा कुठे तह झाला. अकरा वाजता मॅडम शिकवणार, आणि सकाळी घरचे सर. कोण बरं शिकवतं ते दिसेलच, असं कदम म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "ठीक है. पर वॉकर नहीं छोडना."

मला तेव्हाच कळायला हवं होतं की सर वॉकर सोडायला लावणार.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी मी डबे भरत होते. भिंतीपलीकडून सर ओरडत होते. "वॉकर बाजूला ठेवा, कदम. त्या बाईच्या लाडाने तुम्ही आळशी झालात. ठेवा म्हणतो ना!"

"सर, पाय थरथरतोय."

"नाटकं!"

मग काहीतरी जोरात आदळलं.

मी जागच्या जागी थिजले. मग सरांचा आवाज आला, "उठा, कदम."

"उठता येत नाही, सर."

"उठा म्हणतो!"

"सर, खरंच येत नाहीये."

"ऊठ! ऊठ, ऊठ!"

एवढ्या दिवसांत सरांनी कदमांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो 'ऊठ' ऐकला आणि मी किल्ली घेऊन धावले. आतल्या खोलीत कदम फरशीवर आडवे पडले होते. एक हात पलंगाच्या पायाला धरलेला, तोंड पांढरंफटक, आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कदमांचं की सरांचं, देव जाणे.

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी वेड्यासारखी ओरडले, "कुठे आहेत ते तुमचे सर? बोलवा बाहेर!"

"वहिनी, ते जरा कडक आहेत."

"कडक? माणूस खाली पडलाय आणि याला कडक म्हणायचं? पहिल्या दिवशी मी पोलिसांत जाणार होते, गेले असते तर बरं झालं असतं! तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला असं बोलला असतात का तुम्ही? कचरा गाडीवाल्याशी तरी असं बोलता का?"

मी खाली बसले. "लागलं का?"

"कुणाला?"

"अहो, तुम्हाला!"

त्यांनी आधी पायाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कदमला लागलंय."

मी मॅडमना फोन केला. त्या दहाच्या आतच आल्या. पाय तपासला, हलवून पाहिला. हाड जागेवर होतं, नुसता मुका मार होता. मला वाटलं, आता या झाडणार. मला तर ते हवंच होतं. पण त्यांनी स्कार्फ सोडला, त्याची घडी केली आणि कदमांशेजारी फरशीवर भिंतीला टेकून बसल्या.

"डर गए थे, अंकलजी?"

"मैं?" कदम फिस्कारले.

"हाँ, आप."

कदमांनी पलंगाचा पाय सोडला. मग कदम म्हणाले, "कदम डर गया था."

"और सर?"

कदमांनी तोंड फिरवलं. "सर भी."

"हौ," मॅडम होकाराची मान हलवत म्हणाल्या. "चलो, आज छुट्टी."

"छुट्टी?" त्यांच्यातला सर उसळला. "हद्द झाली! असं कोचिंग असतं का?"

"मेरे यहाँ ऐसा ही होता है. गिरने के दिन छुट्टी. चाय कौन बनाएगा? दीदी, आप?"

मी चहा केला. तिघांनी फरशीवर बसून प्यायला. त्या चहात मॅडमनी सहज विचारलं की हे सर आले कुठून. आणि कदमांनीही सहज, म्हणजे खिडकीकडे बघत, सांगितलं. बायको, सुनंदा, गेल्यावर ते अंथरुणातून उठेनात. उठून करायचं काय, हेच कळेना. दूधवाला बेल वाजवून जायचा, पोस्टमन जायचा, मंजिरी फोनवर रडायची. असे किती दिवस गेले ते त्यांना आठवत नव्हतं. "एके दिवशी मी मोठ्याने म्हटलं, कदम, उठा. आणि उठलो." ते कपात बघत राहिले. "मऊ बोलून पाहिलं होतं आधी. मऊ बोललं की रडू यायचं. म्हणून मग दरडावून."

मला माझीच लाज वाटली. त्यांच्या तोंडावर आत्ताच एवढं बोलून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "अच्छा किया आपने. उस टाइम वही ठीक था." आणि आणखी चहा मागितला.

त्यानंतर सकाळचा आरडाओरडा कमी कमी होत गेला. सर अधूनमधून यायचे, पण वॉकरच्या भानगडीत पडायचे नाहीत. अकराच्या तासाला गाणी लागायची. कदम मॅडमशी भांडायचे, गाण्यांवरून, पोह्यांवरून, देवासपेक्षा इंदूर किती चांगलं यावरून. वॉकर गेला, काठी आली. एक दिवस मी जिन्यात उभी असताना कदम काठी काखेत मारून खाली दूध आणायला गेले आणि पिशवी झुलवत वर आले. मला एवढा आनंद झाला की मी सतीशला ऑफिसात फोन केला.

आणि त्याच दिवशी अकराला मी पाहिलं, की मॅडम आल्यावर कदम काठीवर सगळा भार टाकून, कण्हत, पाय ओढत खुर्चीपर्यंत गेले. "आज बहुत दुख रहा है, मॅडम. कुछ खास फर्क नहीं है."

मी डोळे विस्फारून बघत राहिले. दूध पिशवीतून अजून ठिबकत होतं!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी हा माणूस गॅलरीत झाडांना पाणी घालत फिरतो, खुर्ची पुसतो, चहाचं आधण ठेवतो, दोन कप काढतो, चारदा रस्त्याकडे वाकून बघतो. खाली स्कूटर थांबली की एकदम अपंग. माझा संताप संताप झाला. ती बाई उन्हातून गाव तुडवत येते, आणि हे गृहस्थ सोंग करतात! मंजिरीशी व्हिडिओ कॉल झाला की मात्र उलटं. तिथे पुण्याला न्यायची धमकी होती ना! मोबाइल मला धरायला लावायचे आणि दिवाणखान्यात परेड केल्यासारखे फेऱ्या मारायचे. "बघ मंजू, एकदम फिट!"

एक ना एक दिवस दोन्ही सोंगांची गाठ पडणार होती, तशी ती पडली. मंजिरीने वेळ बदलून अकराच्या जरा आधी फोन केला. मी मोबाइल धरून उभी. कदम छाती काढून चालतायत, काठी कोपऱ्यात. तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. कदमांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते मध्येच अडखळले, कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, जिन्यावर पावलं वाजली, आणि त्यांनी सरळ सोफ्यावर अंग टाकून मांडी दाबली. "आई गं!"

"बाबा!" मोबाइलमधून मंजिरी किंचाळली. "काय झालं? काकू, काय झालं? बाबा, मी आजच निघते. बस झालं, पुण्यालाच चला तुम्ही!"

कदम कण्हणं विसरून ताडकन बसले. "नाही, नाही! ठीक आहे मी!" मग दारात मॅडमना पाहून पुन्हा मांडी धरली. पुन्हा सोडली. असा गोंधळलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी आता सगळं सांगून टाकणारच होते. तोंड उघडलंही होतं.

मॅडमनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "मंजिरी, अंकलजी एकदम ठीक हैं. मैंने ही बोला था, बैठ के मांडी दबाने की एक्सरसाइज करना. थोडा जोर से कर लिया. पुणे-वुणे की कोई जरूरत नहीं." आणि हसून फोन ठेवला.

मग तास झाला. कदम तासभर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. चहा मात्र दोन कप तयारच होता, माझा तिसरा मागाहून झाला.

मॅडम निघाल्या तशी मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. खाली रस्त्यावर आल्याबरोबर सुरू केलं. "मॅडम, तुम्ही फार भोळ्या आहात. अहो, ते धडधडीत चालतात! दूध आणतात, झाडांना पाणी घालतात. तुम्हाला बनवतायत ते. एवढ्या उन्हात तुम्हाला खेपा घालायला लावतात, मला तर बाई इतका राग येतो..."

मॅडम स्कार्फ बांधत होत्या. "पता है, दीदी."

"काय पता है?"

"कोर्स तो कब का खतम हो गया. मंजिरी को भी मैंने बोल दिया है. वो भी जानती है. आज अचानक गिरते देखा तो घबरा गई बस." त्यांनी स्कूटरची किल्ली शोधली. "कितने घरों में जाती हूँ मैं. दरवाजा खुलते ही सब घडी देखते हैं. ये अकेले हैं जो पहले पूछते हैं, धूप बहुत थी क्या. मेरे लिए कुर्सी पोंछ के रखते हैं. कृष्णपुरा का एक पेशंट निपटा के इधर चाय पीने आ जाती हूँ. मेरा क्या जाता है?"

माझा सगळा राग हातातच राहिला. कुणावर टाकावा कळेना.

एवढ्यात वर गॅलरीतून आरोळी आली. तोच घुमणारा आवाज. "मॅडम! हेल्मेट का पट्टा! हद्द झाली, रोज बोलना पडता है क्या? खुला रखके जाती हो, कुछ हो गया तो?"

मी मान वर करणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या हाताने त्या मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा आवळत होत्या.

"ऊपर मत देखना, दीदी," त्या हळूच म्हणाल्या. "छडी लेना भूल गए होंगे."